वेबसॉकेटचा ‘टनेल’: बायपास, भुयार की बोगदा?

प्रश्न
हिंजवडीतल्या आमच्या टीमसाठी मराठीत टिपणं लिहितोय. ऑफिसची प्रॉक्सी (आमच्या वतीने इंटरनेटशी बोलणारा मधला सर्व्हर) वेबचे ८० आणि ४४३ हेच पोर्ट सोडते, एसएसएचचा (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) २२ बंद. आयटी विभागाच्या परवानगीने आम्ही वेबसॉकेटवरून (वेबच्या पोर्टवरच चालणारी दुतर्फा जोडणी) टनेल टाकतो, म्हणजे एसएसएचची वाहतूक त्या जोडणीच्या आतून नेतो. बोलताना सगळे ‘प्रॉक्सी बायपास केली’ म्हणतात. लिहिताना काय वापरावं? आणि प्रॉक्सीला ‘प्रतिनिधी’ म्हणावं का?

उत्तर
‘बायपास’ नको. कात्रज-देहूरोड बायपासने जाणारा ट्रक शहरात शिरतच नाही. प्रॉक्सी बायपास करणं म्हणजे लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून तिला वगळणं. तुमच्या टनेलमधला एकूण एक बाइट प्रॉक्सीतूनच जातो. क्लायंट तिलाच ‘कनेक्ट’ विनंती पाठवून सांगतो, अमक्या सर्व्हरच्या ४४३ ला जोडून दे. ती २०० (‘ठीक’) असं उत्तर देऊन वाट मोकळी करते. त्या जोडणीत टीएलएस (मजकूर कूटबद्ध करणारा थर) सुरू होतं, आणि त्याच्या आत एक साधी ‘गेट’ विनंती जाते, सोबत ‘अपग्रेड: वेबसॉकेट’ हा हेडर. सर्व्हर १०१ (‘बदल मान्य’) म्हणाला की त्याच जोडणीवर दोन्ही बाजू हवं तेव्हा बोलू शकतात. मग एसएसएचचे बाइट वेबसॉकेटच्या फ्रेममध्ये (पाकिटांत) भरायचे, पलीकडे फ्रेम सोलून २२ च्या हवाली करायचे.

म्हणून मी ‘बोगदा’ लिहीन. बोगद्याला दोन तोंडं लागतात, आणि नवशिक्यांचं नेमकं तिथेच अडतं. चिझल किंवा डब्ल्यूएसटनेल हे टनेलचं सॉफ्टवेअर नुसतं आपल्या मशीनवर बसवून भागत नाही, बाहेरच्या मशीनवर त्याचा सर्व्हर चालू असावा लागतो. ‘बोगदा’ म्हटलं की ‘दुसरं तोंड कुठे?’ हा प्रश्न आपसूक येतो.

प्रॉक्सी मात्र प्रॉक्सीच राहू द्या. हजेरीला मित्राची ‘प्रॉक्सी मारणं’ कॉलेजात गेलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या नावाने बोलणं हा अर्थ त्यात आहेच.

दुसरं उत्तर
बोगद्याला माझंही मत. ‘भुयार’ला विरोध एवढ्यासाठी की त्यात लपूनछपून जाण्याचा वास आहे, आणि वाचणारा खोट्या भरवशावर राहतो. मशीनवर कंपनीचं रूट सर्टिफिकेट (प्रॉक्सीवर विश्वास ठेवायला लावणारा दाखला) असेल तर प्रॉक्सी टीएलएस उघडून तो अपग्रेड हेडर वाचू शकते, काढूनही टाकू शकते. तसं नसलं तरी सर्व्हरचं नाव आणि तासन्‌तास उघडी राहिलेली एकच जोडणी लॉगमध्ये दिसते.

तिसरं उत्तर
‘भुयारी’ शब्दावर हा अन्याय आहे. शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो भुयारीच आहे, त्यात लपवण्यासारखं काय? रस्ता ओलांडायचा भुयारी मार्गही चारचौघांचाच.

दुसरं उत्तर देणारे
विशेषण म्हणून मान्य. पण नुसतं ‘भुयार’ म्हटलं की वाडा, किल्ला आणि पळून जायची वाटच डोळ्यांपुढे येते. नेटवर्कच्या टिपणात ती नको.

विचारणारा
पटलं, ‘बोगदा’ घेतो. आता ‘मास्किंग’? क्लायंटच्या फ्रेमवर चढतं ते. मी ‘गुप्त करणे’ लिहिलंय.

पहिलं उत्तर देणारे
ते आजच खोडा. डिसेंबर २०११ च्या आरएफसी ६४५५ (वेबसॉकेटचं प्रमाण ठरवणारा दस्तऐवज) प्रमाणे क्लायंट दर फ्रेमला नवी चार बाइटची किल्ली घेऊन मजकुराशी एक्सऑर (बिटांची उलटवता येणारी सरमिसळ) करतो, आणि ती किल्ली त्याच फ्रेममध्ये उघडी पाठवतो. ज्याच्या हाती फ्रेम, त्याच्या हाती किल्ली. हेतू वेगळाच आहे. वाटेतल्या एखाद्या जुन्या प्रॉक्सीने फ्रेममधला मजकूर एचटीटीपी समजून भलतंच कॅशमध्ये साठवू नये, म्हणून बाइटांची सरमिसळ. ‘मास्किंग’च ठेवा आणि शेजारी स्पष्ट लिहा: गुप्तता टीएलएस देतं, म्हणजे पत्ता ‘डब्ल्यूएसएस’चा (टीएलएसवरून चालणाऱ्या वेबसॉकेटचा) हवा.

क्रियापदाकडेही बघा. बोगदा ‘खोदतात’, पण हा दर वेळी नव्याने उभा राहतो. बराच वेळ काही गेलं-आलं नाही की प्रॉक्सी जोडणी तोडते, म्हणून मधूनमधून पिंग-पाँगच्या फ्रेम पाठवतात. तेव्हा ‘उघडणे’ आणि ‘तुटणे’ बरं.

विचारणारा
मग वाक्य असं: ‘प्रॉक्सी चुकवून वेबसॉकेटचा बोगदा उघडावा.’

दुसरं उत्तर देणारे
‘चुकवून’ म्हणजे पुन्हा बायपास झाला. ‘प्रॉक्सीतून’ लिहा.