ओपन माइक: तीच पाच मिनिटं घासायची की दर वेळी नवीन लिहायचं?

माइकपुढचा

हौशी स्टँडअप करणाऱ्या नवोदितांशी एका गोष्टीवर वाद घालायचा आहे. ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव देऊन थोडा वेळ मंचावर जाऊ शकतो अशा रात्री, दर आठवड्याला कोरी करकरीत पाच मिनिटं घेऊन येणारे बरेच दिसतात. जोक एकदा केला, हसू आलं नाही, की काट मारली. पुढच्या वेळी दुसरा. असं वर्षभर केलं तरी भरवशाचं एक मिनिटही हाताशी राहत नाही, आणि मग चांगल्या शोमध्ये संधी मिळाली की धावपळ होते.

जोक का पडला हे एका रात्रीत कळतच नाही. सेटअप, म्हणजे हसू येण्याआधीची मांडणी, लांबली असेल. तुमच्या आधीच्याचा सेट, म्हणजे त्याने सलग केलेले जोक, पार झोपला असेल आणि खोली थंड असेल. तुमचा नंबर शेवटून दुसरा असेल, लोक दमले असतील. किंवा वाक्यच चुकलं असेल. मराठीत हे फार होतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ज्या शब्दावर हसू यायचं तो मध्येच येऊन जातो, लोक हसायला लागतात आणि आपण अजून ‘म्हणाला होता’ बोलत असतो. शब्दांची जागा बदलली की तोच जोक उभा राहतो. पण त्यासाठी तो दुसऱ्यांदा करावा लागतो ना!

माझं म्हणणं एवढंच: तोच सेट वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या नंबरांवर करा. एका वेळी एकच बदल करा. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, कारण मंचावर असताना मित्राचं एकट्याचं हसूही खोलीभर वाटतं. अमेरिकन विनोदवीर स्टीव्ह मार्टिन यांनी आपल्या स्टँडअपच्या अठरा वर्षांचा हिशेब मांडला आहे: दहा शिकण्यात, चार घासण्यात, चार मोठ्या यशाची. आपण पहिल्या दहातले आहोत. घाई कसली?

कोरी_वही

पूर्ण असहमत.

तुम्ही ज्या खोलीत घासायला सांगताय, तिथे बसलंय कोण? बहुतेक ओपन माइकला निम्म्याहून जास्त खुर्च्यांवर आपल्यासारखेच कॉमिक, म्हणजे स्टँडअप करणारे, असतात. नजर फोनमध्ये, डोक्यात स्वतःचा सेट. तुमचा जोक त्यांनी मागच्या आठवड्यातच ऐकलेला असतो. स्टँडअपमध्ये हसू अनपेक्षितपणातून येतं, आणि यांच्यासाठी तेच उरलेलं नसतं. मग ते गप्प बसले म्हणजे जोक वाईट, असं कसं ठरवणार? उलट धोका मोठा आहे. कॉमिकांना हसवायला तुम्ही जोक अधिक तिरका, अधिक आतल्या गोटातला करत जाता. पुढे खऱ्या प्रेक्षकांसमोर गेलात की कोणाला काही कळत नाही.

दुसरं म्हणजे पहिल्या वर्षातलं लेखन आपलं नसतंच. डेटिंग ॲप, आईवडील, वजन, ऑफिसातला बॉस. सगळ्यांचे विषय तेच आणि वळणंही तीच. ते घासून काय चमकणार? स्वतःचा विषय भरपूर लिहिल्यावरच सापडतो. अमेरिकन कॉमिक जॉर्ज कार्लिन यांनी १९७७ ते २००८ या काळात एचबीओ या टीव्ही चॅनेलवर चौदा स्पेशल, म्हणजे एकट्याचे पूर्ण लांबीचे शो, केले, कारण जुनं सोडायची त्यांची तयारी होती. तिथलेच जेरी साइनफेल्ड यांनी तर १९९८ मध्ये सगळा जुना सेट बाजूला ठेवला आणि छोट्या क्लबांत जाऊन शून्यापासून सुरुवात केली.

माइकपुढचा

@कोरी_वही, साइनफेल्ड यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांचा पहिला ओपन माइक १९७६ मधला. म्हणजे सोडण्याआधी बावीस वर्षं ते घडवलं होतं. आपल्याकडे सोडण्यासारखं अजून आहे काय?

कॉमिकांनी भरलेल्या खोलीचा मुद्दा मान्य. म्हणून तर वेगवेगळ्या खोल्या म्हटलं.

तिसरी_रांग

मी मंचावर जात नाही, पण नियमित बघायला जाते. जोक जुना की नवा हे आम्हाला कळतही नाही. आम्हाला त्रास होतो तो जोक पडल्यावर प्रेक्षकांवर चिडणाऱ्यांचा. आणि फोनमध्ये बघून वाचणाऱ्यांचा. आम्ही वेळ काढून येतो, निदान पाठ तरी करून या.

लाइट_दाखवणारी

मी ओपन माइक होस्ट करते. एक मिनिट उरलं की मागून लाइट दाखवायचं कामही माझंच.

वाद जुना की नवा असा नाहीच. ओपन माइक ही तालीम आहे की प्रयोग, हा खरा वाद आहे. लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअर या क्लबमध्ये १९७९ साली कॉमिकांनी संप केला तो याच प्रश्नावर. मालकीण मिट्झी शोर यांचं म्हणणं होतं की हा क्लब म्हणजे शिकण्याची जागा आहे, म्हणून कॉमिकांना पैसे नाहीत. कॉमिक म्हणाले, प्रेक्षक तर पैसे मोजून येतात. शेवटी पैसे द्यावे लागले. मला कॉमिकांचं म्हणणं पटतं, पण ते आपल्यालाही लागू होतं. ज्या खोलीत लोक तिकीट काढून बसलेत तिथे पाचही मिनिटं कच्ची आणू नका. फुकट प्रवेश असेल, समोर सगळे कॉमिक असतील, तर खुशाल आणा. तिथे पडण्याला काही किंमत नसते.

रात्री नेमकं काय होतं ते सांगते. नवोदित पहिलाच जोक नवीन टाकतो. तो पडतो. मग उरलेली चार मिनिटं तो सावरण्यात घालवतो, वेग वाढतो, चांगले जोकही वाया जातात. म्हणून खात्रीच्या जोकने उघडा, खात्रीच्याच जोकने संपवा, नवीन मध्ये ठेवा. प्रेक्षकांचा विश्वास एकदा बसला की ते नवीन जोकलाही नीट कान देतात, आणि तेव्हाच तुम्हाला त्या जोकचं खरं उत्तर मिळतं.

हाच सल्ला सगळीकडे चालेल असं मात्र नाही. लंडनमध्येही कॉमेडी स्टोअर नावाचा क्लब आहे, तिथे गाँगची, म्हणजे मोठ्या घंटेची, रात्र असते. काही प्रेक्षकांच्या हातात लाल कार्ड देतात, ती वर गेली की गाँग वाजतो आणि कॉमिक उतरतो. पाच मिनिटं टिकणं हेच यश. तिथे मध्ये नवीन ठेवायला कोणी जाणार नाही. पण अशा रात्री माणूस फक्त तगायला शिकतो. थांबायला, शांतता धरून ठेवायला शिकत नाही. नवोदितांना तिथे लवकर पाठवू नये असं माझं ठाम मत आहे.

कोरी_वही

@लाइट_दाखवणारी, तिकिटाचा मुद्दा पटला. तिकीट असेल तिथे घासलेलंच न्यावं.

पण ‘मध्ये नवीन’ या पद्धतीला माझा विरोध कायम आहे. उघडायचं जुनं, संपवायचं जुनं, मध्ये मिनिटभर नवीन. हळूहळू ते मिनिटही आक्रसतं, कारण हसू जुन्यावर येतं आणि हसू कोणाला नको असतं? माझ्या ओळखीतले अनेकजण तोच शेवट वर्षानुवर्षं करताहेत. चांगला आहे, नक्कीच. पण त्यांनी नवीन शेवट लिहिलेलाच नाही. निदान फुकटच्या खोल्यांत तरी शेवट रिकामा ठेवा, तिथे नवीनच ठेवायचं असं ठरवा.

माइकपुढचा

शेवट रिकामा ठेवायचा? पडलेल्या जोकवर उतरायचं आणि तीच शांतता घेऊन घरी जायचं? नवोदितांपैकी किती जण त्यानंतर परत येतील? मी तरी कोणाला हे करायला सांगणार नाही. पहिला जोक नवीन ठेवा म्हणालात तर एक वेळ विचार करीन.

कोरी_वही

जे परत येतात तेच पुढे लिहितात. मी शेवटावर ठाम आहे.