कोलेस्ट्रॉलची गोळी कर्करोगासाठी मागायची का?

डिचोलीकर:
वहिनीचं स्तनाचं ऑपरेशन, किमो सगळं आटोपलं. आता लेट्रोझोल चालू आहे, म्हणजे गाठीला पोसणारं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनू न देणारी गोळी. कोलेस्ट्रॉल वाढलंय, पण ते उतरवणारी स्टॅटिन जातीची गोळी, ॲटोरव्हास्टॅटिन, नको म्हणते, "गोळ्यांनीच पोट भरतं माझं." मी म्हणतो घ्यावी, आणि नुसती हृदयासाठी नव्हे. कोलेस्ट्रॉलपासून शरीरात २७-हायड्रॉक्सीकोलेस्ट्रॉल बनतं. ते इस्ट्रोजेनचं सोंग घेऊन गाठ वाढवतं, हे ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. लेट्रोझोलने पुढचं दार लावलं, परसदार उघडंच! डेन्मार्कमध्ये १८,७६९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर सिम्वास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन घेणाऱ्यांत रोग उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. आणखी काय हवं?

फोंड्याची सून:
दादा, ड्यूकवाल्यांनी ज्या गाठी वाढवल्या त्या उंदरांतल्या. आणि नोंदी फसवतात. जी बाई कोलेस्ट्रॉल वेळच्या वेळी तपासते, ती बाकीची औषधंही चुकवत नाही. मग श्रेय गोळीचं की बाईचं? पाळी गेल्यावरच्या हार्मोनच्या गोळ्या आठवा. नोंदी बघूनच सगळे सांगायचे, हृदयाला चांगल्या. अमेरिकेत रीतसर चाचणी घेतली आणि २००२ मध्ये ती अर्ध्यावर थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोगच वाढला होता, हार्ट अटॅकही. माझ्या आईने त्या गोळ्या घेतल्या होत्या, म्हणून मला हे पाठ.

मडगावचा फार्मसीवाला:
स्टॅटिन म्हणजे एकच औषध नव्हे हो. त्या नोंदींत गुण दिसला तो चरबीत विरघळणाऱ्या सिम्वास्टॅटिनचा. रोसुव्हास्टॅटिन पाण्यात विरघळणारं, त्याला तोच गुण धरता येत नाही. माझ्याकडे मोबाईलवरची बातमी दाखवून "कसलीही द्या" म्हणणारे येतात, चिठ्ठीशिवाय देत नाही. शिवाय लेट्रोझोलने सांधे धरतात, स्टॅटिनने कधी स्नायू दुखतात. वैतागून बाईने लेट्रोझोलच सोडलं तर?

डिचोलीकर:
तर थांबा, थांबा आणि थांबा. रोग थांबतो का?

फोंड्याची सून:
डेन्मार्कवाले स्वतःच थांबलेत. ३,३६० रुग्णांची चाचणी लावलीय, काहींना रोज ८० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. ते निकालाची वाट बघतात आणि आपण बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या ओपीडीत हट्ट धरायचा? पण वहिनींचं कोलेस्ट्रॉल खरंच वाढलं असेल आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल, तर हृदयासाठी घ्यायलाच हवी. त्यावर माझं भांडण नाही.

डिचोलीकर:
म्हणजे गोळी तीच, कारण तुमचं. बरं, वहिनीला तुमचंच सांगतो. माझं ऐकून ती म्हणाली, "तू कंपाउंडर कधीपासून झालास रे?"