केंद्राध्यक्षाला धमकी दिली, तर कलम कोणतं?

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला केंद्राध्यक्ष होते. दुपारी चारला एका उमेदवाराचा प्रतिनिधी ओळखपत्र नसलेल्या माणसाला घेऊन आला. मी नाही म्हटलं, तर म्हणाला, "बाई, तुमची शाळा कुठंय ते माहितीये आम्हाला." घरी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा तक्रार करता आली असती का? भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ ला (सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी हल्ला) पाच वर्षं शिक्षा आहे म्हणतात ना?

निवृत्त नायब तहसीलदार: ताई, ते जुनं झालं. महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा दोनाची पाच वर्षं केली होती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिथे कलम १३२, शिक्षा पुन्हा दोन वर्षं. शिवाय त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नुसत्या धमकीला त्याच न्याय संहितेचं कलम ३५१ बघा. आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३२ खाली गैरवर्तन करणाऱ्याला केंद्राबाहेर काढायचा अधिकार तुमचाच होता. (दोन्हीकडे १३२, गोंधळ होतोच!)

आणखी एक शिक्षक: केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत (मतदानाच्या दिवसाची अधिकृत नोंदवही) लिहिलं होतं का? मी तर वेळेसकट लिहितो, नि लगेच क्षेत्रीय अधिकाऱ्यांना (आपल्या भागातल्या केंद्रांवर देखरेख ठेवणारे) फोन.

मूळ प्रश्नकर्ती: नाही लिहिलं. ईव्हीएम जमा करायच्या घाईत "मतदान शांततेत" एवढंच लिहून मोकळी झाले.