पंधरा वर्षांच्या भाचीचे पहिले घड्याळ: चावीचे, ऑटोमॅटिक की बॅटरीचे?

अर्धाकाटा

माझी भाची येत्या जूनमध्ये दहावीत जाईल. गणपतीत ती घरी आली असताना माझ्या हातातले आजोबांचे जुने घड्याळ तिने कानाला लावले आणि म्हणाली, "मामा, आत कोणीतरी पटापट सुपारी कातरते आहे." त्यानंतर दोन दिवस ती त्या घड्याळाचा नाद सोडेना. तेव्हापासून तिला स्वतःचे यांत्रिक घड्याळ घेऊन द्यावे असे माझ्या मनात आहे. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये ठेवली आहे.

माझे मत आधीच मांडतो, म्हणजे खोडायला सोपे जाईल. पहिले यांत्रिक घड्याळ हाताने चावी देण्याचे असावे, ऑटोमॅटिक नसावे. ऑटोमॅटिक घड्याळात मनगटाच्या हालचालीने एक अर्धगोल वजन फिरते आणि तेच स्प्रिंग गुंडाळते. वापरणाऱ्याला काहीच करावे लागत नाही, त्यामुळे काही दिवसांनी ते घड्याळ आणि बॅटरीचे घड्याळ यांत त्याच्या लेखी फरक उरत नाही. चावीच्या घड्याळाचे तसे नाही. सकाळी पंचवीस-तीस वेळा चावी फिरवताना बोटाला आधी सैल वाटणारी स्प्रिंग हळूहळू घट्ट होत जाते, किरकिर आवाजाचा पोत बदलतो आणि शेवटी चावी पुढे जायला नकार देते. शक्ती साठवणे म्हणजे काय हे मुलांना पुस्तकात शिकवतात. इथे ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कळते.

दुसरे कारण आकाराचे आहे. सध्याची बरीच ऑटोमॅटिक घड्याळे ४० मिलिमीटरच्या पुढची आणि जाड आहेत. सेको फाइव्ह ही मालिका १९६३ पासून चालत आलेली आणि स्वस्तात टिकाऊ म्हणून नावाजलेली. पण २०१९ मध्ये तिचे जे नवे रूप आले, त्यातले मुख्य घड्याळ ४२.५ मिलिमीटरचे आहे आणि माझ्या मर्यादेत बसत नाही. जुने ३७ मिलिमीटरचे सेको चालले असते, पण त्यातल्या यंत्राला हाताने चावी देता येत नाही. घड्याळ बंद पडले की ते खुळखुळ्यासारखे हलवावे लागते.

म्हणून माझा कल एचएमटी जनता या चावीच्या जुन्या घड्याळाकडे आहे: ३५ मिलिमीटर, १७ ज्वेल्स (म्हणजे झीज कमी करणारे आतले बारीक कठीण खडे), तबकडीवर देवनागरीत 'जनता'. विरुद्ध मत असणाऱ्यांनी जरूर लिहावे.

सह्यकडा

आपला हेतू चांगला आहे, परंतु आपण भाचीला घड्याळ देत नसून स्वतःची हौस देत आहात असे मला वाटते. तिला टिकटिक आवडली हे खरे, पण पंधराव्या वर्षी मुलांना बऱ्याच गोष्टी दोन दिवस आवडतात.

तिचे पुढचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. अशा मुलीला अचूक वेळ हवी, आणि यांत्रिक घड्याळ नेमके तेच देत नाही. ज्या स्वस्त जपानी यंत्रांची सगळे स्तुती करतात, त्यांची कंपनीनेच सांगितलेली मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद अशी असते. रोज चाळीस सेकंद पुढे जाणारे घड्याळ महिन्याने वीस मिनिटे पुढे असेल, आणि तरीही कंपनीच्या दृष्टीने ते ठणठणीत असेल. साधे क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीचे, घड्याळ महिन्याभरात पंधरा-वीस सेकंद चुकते.

कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे डिजिटल घड्याळ १९८९ पासून जवळजवळ त्याच रूपात विकले जाते. त्याचे वजन २१ ग्रॅम आहे, बॅटरी सुमारे सात वर्षे टिकते, आणि किंमत आपल्या मर्यादेच्या एका कोपऱ्यात मावते. ते हरवले तर मुलगी रडणार नाही आणि मामाही रागावणार नाही. उरलेल्या पैशांत चांगली सूक्ष्मदर्शी येईल. यंत्राचे कुतूहलच जागवायचे असेल तर त्याला मनगटच कशाला हवे? आणि बारावीनंतर ती वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला बसली, तर तिथे मनगटी घड्याळच नेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

निवांत_दुपार

सह्यकडा यांनी अचूकतेचे जे आकडे दिले ते बरोबर आहेत, पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. अचूक वेळेसाठी त्या मुलीच्या घरात चार-पाच साधने आधीच असतील. रोज पाव-अर्धा मिनिट चुकणारे घड्याळ रविवारी सकाळी जुळवून घ्यावे लागते. आमच्या लहानपणी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घरातली सगळी घड्याळे जुळवली जात आणि त्यात कोणाची गाडी चुकल्याचे आठवत नाही.

जनताविषयी मात्र माझा अनुभव सांगतो, कारण अर्धाकाटा त्याच वाटेने निघाले आहेत. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. पुढे टायटन आली (१९८४ ची स्थापना, टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाची भागीदारी) आणि तिने सारा भर क्वार्ट्झवर दिला. एचएमटी चावीच्या घड्याळांतच अडकून राहिली आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. तेव्हापासून 'जुना पण न वापरलेला माल' या नावाखाली बाजारात काय वाट्टेल ते मिळते.

मी एका दुकानातून 'अगदी कोरे' म्हणून जनता घेतले. घरी आणून भिंगाखाली धरले तेव्हा 'जनता' या शब्दाची शिरोरेषा 'ज'वर जाड आणि 'ता'वर बारीक दिसली, आणि मिनिटांच्या खुणांपैकी दोन खुणा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. जुनी तबकडी खरवडून तिच्यावर नव्याने छपाई केलेली होती. मागचे झाकण उघडल्यावर कळले की यंत्र एचएमटीचेच आहे, पण त्यातला एक स्क्रू भलत्याच घड्याळाचा आहे. मुंबईत जोडून-रंगवून तयार होणाऱ्या अशा घड्याळांची ख्याती परदेशी संग्राहकांपर्यंत पोचली आहे. ते त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा गौरव नव्हे.

गुलाबी, पोपटी, निळ्याजर्द तबकडीचे जनता दिसले तर तिथून पाय काढावा. तबकडी थोडी पिवळी पडलेली असेल, एखादा डाग असेल, तर उलट विश्वास ठेवावा. ही पारख आपल्याला करता येत असेल तरच जनता घ्या, अन्यथा सरळ नवे सिटिझन ऑटोमॅटिक घ्या. त्यांच्या ८२०० मालिकेतल्या यंत्राला हाताने चावीही देता येते, म्हणजे आपला मूळ आक्षेप तिथे निम्मा गळून पडतो.

लोलक

माझ्या वडिलांचे कोकणात घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्याशेजारी बसून काढल्या आहेत. त्यामुळे मला या चर्चेत एक उणीव दिसते. घड्याळ कोणते घ्यावे यावर सगळे बोलत आहेत, ते दुरुस्त कोण करणार यावर कोणीच नाही.

किशोरवयीन मुलांची घड्याळे बहुतेक तीन कारणांनी दुकानात येत. पहिले कारण पाणी. झाकणावर ३० मीटर लिहिलेले असले म्हणजे ते घालून पोहता येते असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे सोसण्याइतकाच असतो. जुन्या जनतामधले रबर तर केव्हाच वाळून गेलेले असते. कोकणातल्या पावसाळ्यात अशा घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरते आणि दिवाळीपर्यंत चावीच्या दांडीवर गंज चढतो.

दुसरे कारण तारीख. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या सुमारास तारीख बदलणारी चाके आपसात अडकलेली असतात. त्या वेळात कोणी घाईने चावी ओढून तारीख फिरवली तर दात तुटू शकतो. जनतामध्ये तारीखच नाही, हा तिचा मोठा गुण आहे आणि अर्धाकाटा यांनी तो सांगितलाच नाही.

तिसरे कारण वडिलांच्या काळी क्वचित आढळे, आता सर्रास आढळते, ते म्हणजे चुंबक. मोबाइलच्या कव्हरला चुंबक, लॅपटॉपच्या झाकणाला चुंबक, दप्तराच्या बटणाला चुंबक. घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगची कामी येणारी लांबी कमी होते, तिला जोडलेले चाक अधिक वेगाने झुलते, आणि काल ठीक चालणारे घड्याळ आज दहा-पंधरा मिनिटे पुढे धावते. मुले समजतात की घड्याळ बिघडले. खरे तर चुंबकत्व काढणारे छोटे यंत्र काही क्षणांत ते ठीक करते, पण हे माहीत नसलेला दुकानदार पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे लावतो.

माझे मत असे की नवे घ्या किंवा जुने, पण आधी तुमच्या गावात उघडून-साफ करून-तेल घालून देणारा घड्याळजी शोधा. चार-पाच वर्षांनी त्याची गरज पडणारच आहे. जनताचे यंत्र ज्याने आयुष्यभर हाताळले आहे असा कारागीर अजून बहुतेक जिल्ह्याच्या गावी सापडतो, आणि मोडक्या जनतामधून सुटे भागही मिळतात.

तिसरा_प्रहर

दुरुस्तीची एवढी चिंता असेल तर स्वॉच कंपनीचे सिस्टम ५१ हे ऑटोमॅटिक का नको? २०१३ मध्ये आले, फक्त ५१ भाग, मध्यभागी एकच स्क्रू, सगळी जुळणी यंत्रमानवाकडून, आणि एकदा भरले की ९० तास चालते. शुक्रवारी रात्री काढून ठेवले तर सोमवारी सकाळी शाळेला जाताना चालूच सापडेल. पारदर्शक पाठीतून आतले सगळे दिसते. तरुण मुलांना आवडेल असे दिसायलाही आहे.

लोलक

तिसरा_प्रहर, ते यंत्र कल्पक आहे यात वाद नाही. पण त्याची केस, म्हणजे बाहेरची डबी, बंदिस्त असते; ते उघडून दुरुस्त करायचेच नाही, अशाच विचाराने बनवले आहे. ज्या मुलीने कानाला लावून "आत कोण आहे?" असे विचारले, तिला कायमचे बंद दार देणे मला तरी रुचत नाही.

सह्यकडा

लोलक यांच्या प्रतिसादाने माझेच म्हणणे पुढे नेले आहे. पाणी नको, चुंबक नको, रात्री तारीख फिरवू नको, चार वर्षांनी तेल घाल: हे सगळे पथ्य आपण पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनगटावर बांधणार आहोत. वस्तू माणसासाठी असावी, माणूस वस्तूच्या सेवेला नसावा.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. तारीख नसलेल्या, चावीच्या, दोन हजारांच्या आतल्या जुन्या घड्याळाला माझा विरोध तितका तीव्र नाही. माझा विरोध पंधरा हजारांना आहे. एवढ्या किमतीची वस्तू मुलीच्या हातात दिली की घरातले सगळे तिला दिवसातून चार वेळा "घड्याळ सांभाळ" म्हणून बजावतील, आणि मग ती ते कपाटात ठेवून देईल.

अर्धाकाटा

सर्वांचे आभार. सह्यकडा यांचे शेवटचे वाक्य मला लागले, कारण आमच्या घरात अगदी तसेच होईल. माझ्या मुंजीतले घड्याळ आईने 'मोठा झाल्यावर घाल' म्हणून गोदरेजच्या कपाटात ठेवले होते आणि ते बाहेर निघाले तेव्हा त्याचा पट्टा तुकडे होऊन हातात आला.

म्हणून पंधरा हजारांचा विचार सोडला आहे. नव्या ऑटोमॅटिकविषयीचे माझे मत निवांत_दुपार यांनी दाखवलेल्या अपवादासह कायम आहे; चावी देता येत असली, तरी जे घड्याळ चावी न देताही चालते त्याला पंधराव्या वर्षी कोणी रोज चावी देईल यावर माझा विश्वास नाही.

काल रविवार पेठेतल्या एका वृद्ध घड्याळजींकडे भाचीला घेऊन गेलो. त्यांच्याकडे चार जनता होत्या. त्यांनी चौघींची झाकणे काढून तिच्यापुढे ठेवली, डोळ्याला लावायचे भिंग तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "सेकंदाला पाच ठोके पडतात. कोणाचा ठोका अडखळतो ते तू सांग." तिने दहा मिनिटे घेतली. ज्या घड्याळाची तबकडी सर्वांत चकचकीत होती तेच तिने नापास केले. शिरोरेषेचे मी तिला काहीही सांगितले नव्हते. तिने निवडलेल्या घड्याळाच्या काचेवर एक लांब ओरखडा आहे आणि तबकडीवर सहाच्या आकड्याजवळ तांबूस ठिपका आहे. साफसफाई आणि तेल धरून सगळे मिळून अठराशे रुपये झाले. घड्याळ गुरुवारी मिळेल.

आता एकच शंका. तिचे मनगट फार बारीक आहे आणि सोबतच्या पट्ट्याचे शेवटचे भोकही तिला सैल होते. १८ मिलिमीटरचा, लहान लांबीचा, घामाला टिकणारा पट्टा पुण्यात कुठे मिळेल?

निवांत_दुपार

चामड्याचा घेऊ नका, जूनपर्यंत त्याला वास येईल. विणलेल्या नायलॉनचा एकसंध पट्टा घ्या. बक्कलचा काटा विणीत कुठेही बसतो, त्यामुळे भोकांचा प्रश्नच येत नाही. शिवाय तो पट्टा घड्याळाच्या पाठीखालून जातो, म्हणून एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ खाली पडत नाही. घड्याळजींकडेच विचारा, बहुधा खणात असेल.