मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात ९११ डिस्पॅचर (आपत्कालीन फोन घेऊन मदत पाठवणारी) व्हायचंय, आधी सर्टिफिकेट की आधी नोकरी?

नमस्कार मंडळी,

पुण्यात १०८ साठी चार वर्षं फोन घेतले आहेत. आता सॅक्रामेंटोजवळ राहते, ग्रीन कार्डही आलंय. शहर पोलिसांची डिस्पॅचरची जाहिरात पाहिली आणि हात शिवशिवायला लागले.

एका ऑनलाइन क्लासवाल्याने गळ घातली आहे, "आधी आमचा ईएमडीचा (वैद्यकीय आणीबाणीचे फोन हाताळण्याचा) कोर्स करा, त्याशिवाय अर्जच बघत नाहीत." खरं आहे का हे? १०८ चा अनुभव धरतात का? आणि बॅकग्राउंड चेकला राहिलेले सगळे जुने पत्ते लागतात म्हणे. वाकडच्या पीजीवाल्या काकू आता कुठे शोधू?

प्रतिसाद १

ताई, पैसे भरू नका! मी बे एरियात सहा वर्षं हेच काम करतोय. इथे गाडी उलटी चालते: आधी नोकरी, मग शिक्षण. पोलीस डिस्पॅचरसाठी 'पोस्ट' या पोलीस प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या राज्याच्या कमिशनचा किमान १२० तासांचा बेसिक कोर्स असतो, पण तिथे नोकरीवर घेतलेल्यांना खातंच पाठवतं, पगार चालू ठेवून. प्रोबेशन किमान १२ महिने.

ईएमडी वेगळं. आजारी माणसाबद्दल ठरलेले प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे आणि अँब्युलन्स पोचेपर्यंत फोनवरून सीपीआर कसा करवून घ्यायचा, हे त्यात शिकवतात. कोर्स २४ तासांचा, सर्टिफिकेट २ वर्षं चालतं, नूतनीकरणाला पुन्हा २४ तासांचं शिक्षण. पण बऱ्याच शहरांत ९११ चा फोन आधी पोलिसांकडे वाजतो, वैद्यकीय असेल तर फायरच्या (अग्निशमन दलाच्या) डिस्पॅचकडे वळवतात. म्हणजे तुमच्या खात्याला ते लागेलच असं नाही. लागलं तर तेच करून घेतील.

तुम्ही टायपिंग वाढवा. मिनिटाला ३५ शब्द बऱ्याच ठिकाणी मागतात, तेही चुका वजा करून. पोस्टच्या परीक्षेत कानाने ऐकलेलं लक्षात ठेवायचे प्रश्न असतात, तिथे भले भले गारद होतात.

अनुभव मुलाखतीत जरूर सांगा, फक्त "मारुतीच्या देवळामागे" ही सवय विसरा. इथे पहिला प्रश्न पत्त्याचा, बाकी सगळं नंतर. जुन्या पत्त्यांचं म्हणाल तर काकू सापडल्या नाहीत तर तसं लिहा. लपवाछपवी सापडली की मात्र अर्ज तिथेच बाद.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, क्लासवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. पत्त्याचं अगदी पटलं. तिकडे "वडाच्या झाडाजवळ या" म्हणणाऱ्याला कोणता वड विचारण्यातच निम्मा फोन जायचा!

अजून एक: अक्षरं सांगताना 'अल्फा, ब्राव्हो' चालतं का?

प्रतिसाद १

नाही, इथले पोलीस 'ॲडम, बॉय, चार्ल्स' म्हणतात. मी पाठ केलं ते गाडी चालवताना, पुढच्या गाडीची नंबरप्लेट मोठ्याने वाचून. बायको अजून चिडवते.

मूळ प्रश्नकर्ती

लेकाला शाळेतून आणताना आजपासून सुरू. पहिलीच प्लेट निघाली: सॅम, लिंकन, झेब्रा. तो म्हणाला, "आई, झेब्रा कुठेय?"