मेकॉलेचं ते ‘भाषण’

एका पोस्टमध्ये एकांनी मेकॉलेचा (हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारे ब्रिटिश अधिकारी) ‘भारतभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही’ हा उतारा ‘२ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश संसद’ म्हणून डकवलाय. अहो, त्या तारखेला साहेब कलकत्त्यात शिक्षणावरचं टिपण लिहून मोकळे होत होते! संसदेतलं त्यांचं हिंदुस्थानवरचं खरं गाजलेलं भाषण १० जुलै १८३३ चं, ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेवरचं. त्यात ते कुरकुरतात, की लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्समध्ये एकाचं डोकं फुटलं तर जेवढी खळबळ माजते, तेवढी हिंदुस्थानातल्या तीन लढायांनीही माजत नाही. शिव्याच घालायच्या तर टिपणातलं ‘चांगल्या युरोपीय ग्रंथालयाची एक फळी हिंदुस्थान-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची’वालं वाक्य आहेच की. ते मात्र शंभर टक्के त्यांचंच.