मदत हवी आहे: वजन तेच, मग विमान लेव्हल (आडवं सरळ) केल्यावर सीजी (गुरुत्वमध्य) का बदलतो?

खारघरवाला_एएमई
नमस्कार मंडळी. नवी मुंबईत एएमईच्या (विमान देखभाल अभियंता अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात वेट अँड बॅलन्सची (विमानाचं वजन आणि तोल) तोंडी परीक्षा आहे आणि एका जागी गाडी अडली आहे. (नवीन विमानतळ सुरू झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा "मग तिथे कधी लागतोस?" विचारतो, त्यामुळे नापास होणं परवडणारं नाही.)

प्रॅक्टिकलला सेसना 172 विमान तीन वजनकाट्यांवर चढवलं. आधी नाक अडीच अंश वर होतं. तेव्हा नाकाचं चाक 174 किलो, डावं 288, उजवं 283. मग नाकाच्या स्ट्रटमधली (चाकावरच्या हवेच्या दांड्यातली) हवा सोडून लेव्हल केलं, तर 190, 280, 275. बेरीज दोन्ही वेळा 745. आर्म, म्हणजे डेटमपासूनची (मापाच्या शून्य रेषेपासूनची) अंतरं, मॅन्युअलमधून घेतले: मुख्य चाकं 1.47 मीटर, नाकाचं चाक उणे 0.18. सीजी आधी 1.085 आला, नंतर 1.049. विमानातला एक स्क्रूसुद्धा हलवला नव्हता, मग साडेतीन सेंटिमीटर आले कुठून? "मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणून लेव्हल करतो" एवढ्यावर परीक्षक सोडणार नाहीत.

जुना_हँगर
अरे, सीजी जागचा हललेलाच नाही. काट्यावरचे आकडे तिरक्या विमानाचे आणि आर्म सरळ विमानाचे, अशी खिचडी झाली आहे.

जिन्यावरून कपाट नेताना खालचा माणूस का ओरडतो? वजन तेवढंच असतं, पण कपाटाचा मध्य हातांच्या बराच वर असतो, त्यामुळे तिरकं झालं की भार त्याच्याकडे झुकतो. विमानाचंही तेच. सीजी चाकांच्या आसाच्या 80 सेंटिमीटर वर आहे असं समज. नाक अडीच अंश वर गेलं की तो आडव्या अंतरात 80 गुणिले टॅन 2.5, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर मागे, मुख्य चाकांकडे येतो. नाकावरचे 16 किलो तिकडेच गेले. बेरीज बदलायचं कारणच नाही.

खारघरवाला_एएमई
काका, आत्ता डोक्यात उजेड पडला! पण मग विमान तिरकं असतानाच ओळंबा सोडून आर्म मोजले तर चालेल?

जुना_हँगर
नाही. चाकांमधलं अंतर जवळपास तेवढंच भरेल, पण डेटमही तिरकं होतं. 172 ला डेटम म्हणजे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पुढच्या बाजूचा खालचा भाग. तो आसाच्या 30 सेंटिमीटर वर धरलास तर जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकतो, सीजी साडेतीन. उरलेली चूक हिशेबात राहतेच. त्यापेक्षा टेलकोनच्या (शेपटीकडच्या निमुळत्या भागाच्या) डाव्या बाजूचे दोन लेव्हलिंग स्क्रू शोध, त्यांवर स्पिरिट लेव्हल ठेव आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत नाकाच्या टायरची किंवा स्ट्रटची हवा कमी-जास्त कर. आकडे त्यानंतर लिहायचे.

कोपरखैरणेकर
तोंडीला हमखास विचारतात ते सांगते. हँगरची दारं बंद, पंखे बंद. पंखावर वारा लागला की काटा हलका दाखवतो. (मे महिन्यात पनवेलच्या पत्र्याखाली हे करून बघा, मग कळेल.) ब्रेक सुटे ठेवायचे, नाहीतर टायर काट्यावर आडवा ताण देतात. चोक (चाकं अडवणारे ठोकळे) लावलेत तर त्यांचं वजन टेअर म्हणून वजा. टाकीत फक्त न वापरता येणारं इंधन. ऑइल पूर्ण की काढलेलं, ते त्या विमानाच्या कागदांप्रमाणे. आणि विमान धुतल्याबरोबर काट्यावर चढवू नका, पाणी आतवर साचलेलं असतं.

खारघरवाला_एएमई
धन्यवाद ताई. आणि डावं-उजवं? आमच्या हँगरची फरशी किंचित उतरती आहे.

जुना_हँगर
दोन्ही मुख्य चाकांचा आर्म एकच, त्यामुळे थोड्या उताराने पुढचा-मागचा सीजी फारसा बिघडत नाही. तरी तपासायचं.

परीक्षकांना उलटी बाजू आपणहून सांग. तुझ्या चुकीत सीजी खऱ्यापेक्षा मागे दिसला. नाक खाली असताना वजन केलंस तर तो खऱ्यापेक्षा पुढे दिसेल, वैमानिक कागदावर विसंबून मागे सामान भरेल आणि खरा सीजी मागची मर्यादा ओलांडेल. तेव्हा विमान नाक वर करायला बघतं आणि स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक घटते त्यातून) सावरणं अवघड होतं. फळ्यावर दोन्ही स्थितींची आकृती काढ, सीजीपासून खाली उभी रेघ सोड. निम्मे प्रश्न ते विचारणारच नाहीत.